बोरीचा पाला

नोकरीला लागलो त्या वर्षीची, म्हणजे १९८३ ची गोष्ट. जून महिना होता. तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी भूगोलाचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. शिक्षकांच्या खोलीत कुणी कोणता वर्ग घ्यायचा, कोणता भाग शिकवायचा याची वाटणी चालली होती. माझ्याकडे पाहून मुख्याध्यापक हसत म्हणाले, "पिंजारी सर, भूमध्य सागरी हवामानाचा प्रदेश तुम्हीच घ्या. अंजीर, ऑलिव्ह, खजूर... सगळं तुमच्याकडचंच की!"

सगळे हसले. मीही हसलो. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. पण 'तुमच्याकडचं' हा शब्द बोरीच्या काट्यासारखा आत राहिला. माझे 'कडे' म्हणजे जामनेर. पणजोबांपासून आमची कापूस पिंजणारी धुनकी याच गावात वाजत आली. त्या वेळेपर्यंत मी जळगाव, भुसावळ आणि एकदा मुंबई, एवढेच जग पाहिले होते. ऑलिव्ह मी पाहिलेले नव्हते. अंजीर पाहिले होते ते वाळलेले, दोरीत ओवलेले. खजूर रमजानमध्ये घरी यायचा, पण तो त्या धड्यात नव्हताच. तो वाळवंटी प्रदेशाच्या धड्यातला!

तो धडा मी पुढे तेहतीस वर्षे शिकवला. उन्हाळे कडक व कोरडे, हिवाळे सौम्य व पावसाचे. उन्हाळ्यात त्या भागावर हवेचा जास्त दाब असतो म्हणून ढग जमत नाहीत. हिवाळ्यात तो पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि पश्चिमेचे वारे समुद्रावरून पाऊस घेऊन येतात. झाडांची पाने लहान, जाड, चामड्यासारखी. हे सगळे मला तोंडपाठ होते. पण दर एक-दोन वर्षांनी वर्गात मागच्या बाकावरून एक प्रश्न यायचाच. "सर, तिथं हिवाळ्यात पाऊस पडतो, तर त्यांचा कापूस वला व्हत नही का?"

प्रश्न जामनेरच्या पोराचा होता. ज्याच्या घरात दिवाळीला कापूस येतो आणि परतीच्या पावसाने त्याची कवडी झाली तर वर्षभराची उधारी राहते, त्यालाच असा प्रश्न पडतो. मला उत्तर येत नसे. "तिकडे कापूस नसतो," असे मी एकदा ठोकून दिले होते. ते उत्तर चुकीचे होते, हे मला निवृत्तीनंतर कळले. ते पुढे सांगतो.

अब्बा पिंजारी होते. दिवाळी सरली की खांद्यावर धुनकी टाकून गावोगाव निघायचे. सुट्टीत मला सोबत न्यायचे. जामनेरहून पाचोऱ्याला जाणारी छोटी आगगाडी, आमची 'पीजे', हाच माझा पहिला भूगोलाचा वर्ग. गाडी १९१९ पासूनची, नॅरोगेज, छप्पन्न किलोमीटरला तीनेक तास घेणारी. पहूर, शेंदुर्णी, पिंपळगाव, वरखेडी. दक्षिणेच्या खिडकीतून अजिंठ्याचा डोंगर दिसत राहायचा. अब्बा सांगायचे, "या डोंगराच्या अलीकडे इंग्रजांचा मुलूख होता, पलीकडे निजामाचा." पहूरजवळ वाघूर नदी लागायची. अजिंठ्याच्या लेण्यांना घोड्याच्या नालासारखा वळसा घालून येणारी ही नदी. नावात वाघ आहे म्हणून आम्ही पोरे खिडकीतून तिच्या काठाला वाघ शोधायचो. दिसायची ती वानरे, मोर, कधी तुरीच्या शेतातून पळणारे रोही. ज्वारीच्या दिवसांत भोरड्यांचे थवे असे वळायचे की अब्बांना पिंजताना उडणाऱ्या कापसाची आठवण यायची. या गुलाबी भोरड्या तुर्कस्तान आणि मध्य आशियाकडून येऊन आमची ज्वारी खाऊन परत जातात, हे मला शिक्षक झाल्यावर समजले. ना पासपोर्ट, ना व्हिसा!

कापूस चिमटीत धरून तो कोणत्या मातीतला आहे हे अब्बा सांगायचे. काळ्या भारी जमिनीतला वेगळा, मुरमाड टेकाडावरचा वेगळा. ही काळी माती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या खडकाची झीज होऊन झाली, हे मी पुस्तकातून शिकलो. तिची पारख मात्र अब्बांच्या बोटांत होती. ते शाळेत गेले नव्हते.

घरात दुसराही एक भूगोल होता. जलशांमधून, बयानांमधून येणारा. त्यात कुर्तुबा आणि गरनाता या शहरांची नावे यायची आणि ऐकणारे उसासे टाकायचे. सातशे-आठशे वर्षे जिथे आपण होतो, ते अंदलूस गेले! मीही लहानपणी उसासे टाकले आहेत. सूरे तीनमध्ये अंजीर आणि जैतून यांची नावे येतात. जैतून म्हणजेच ऑलिव्ह. ते झाड कसे असेल, याचा विचार करत मी कांग नदीच्या काठाने मदरशातून घरी यायचो. वाटेत बोरी, बाभळी, पळस होते. त्यांच्याकडे मी पाहत नव्हतो. न पाहिलेल्या देशासाठी डोळे ओले व्हायचे आणि पायाखालची वाट ओळखीची नसायची. आमच्यातल्या पुष्कळांचे असेच झाले, असे मला आज वाटते.

१९९४ च्या जानेवारीत अब्बा गेले. मय्यतीचे गुसल द्यायच्या पाण्यात बोरीचा पाला टाकतात, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनी मला आणि चुलतभावाला पाला आणायला पिटाळले. कांगच्या काठी, स्मशानाकडे जाणाऱ्या वाटेवर, जुनी बोर होती. बोरे लगडलेली होती. मी काटे चुकवत फांदी ओढली आणि त्या दुःखातही एकाएकी लक्षात आले की ही 'सिद्र' आहे. सूरे वाकियात जन्नतच्या झाडांत जिचे नाव आहे ती, फक्त तिथली बिनकाट्याची. त्याच ठिकाणी 'तल्ह' म्हणून दुसरे झाड आहे. त्याचा अर्थ कुणी केळ करतात, कुणी बाभळीच्या जातीचे झाड. केळ आणि बाभूळ! रावेर-यावलची केळी आणि आमच्या बांधावरची बाभूळ! मी ऑलिव्ह शोधत होतो आणि ही झाडे माझ्या दारात उभी होती. अब्बांच्या अंगावरून शेवटचे पाणी गेले ते कांगच्या काठच्या पाल्याचे. हाताला काटे लागून रक्त आले होते, ते मी बराच वेळ धुतले नाही.

त्या वर्षीपासून मी तो धडा वेगळा शिकवू लागलो. आधी मुलांना नदीवर न्यायचे, झाडे दाखवायची, मग भूमध्य समुद्राकडे जायचे. मुलांना एक गोष्ट फार आवडायची. कडक उन्हाळा तिथेही आहे, इथेही आहे. मग ऑलिव्हची पाने टिकतात आणि आमचा पळस, सालई, अंजन उघडे का होतात? कारण तिथे पाऊस थंडीत पडतो. झाडाला वाढायला हिवाळ्याच्या मागचे-पुढचे थोडेच दिवस मिळतात, म्हणून ते पान टाकून देत नाही. लहान, जाड, खालून चंदेरी असे पान करून ते पाणी राखते. आमच्याकडे उन्हाळा संपला की चार महिने पावसाळा नक्की येणार, या भरवशावर झाडे पाने गाळतात. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, तिथलं झाड कंजूष आणि आपलं उधारीवर जगणारं." याहून चांगले मी कधी शिकवू शकलो नाही.

माझी धाकटी मुलगी शेतीतल्या पाण्याचा अभ्यास करते. २०२१ मध्ये ती पुढच्या शिक्षणासाठी स्पेनला गेली, तेही नेमकी कुर्तुब्याला. तिथले लोक त्याला कॉर्डोबा म्हणतात. मोहल्ल्यात बातमी पसरली आणि लोक मला मुबारक द्यायला आले, जणू मी तो मुलूख परत जिंकून आणला! पोहोचल्यावर आठवड्याभराने तिचा फोन आला. "अब्बा, मशीद पाहिली. अंगणात नारिंगाची झाडं आहेत. पण त्याआधी तुम्ही नकाशा काढा."

मी नकाशा काढला. ती सांगत गेली. उत्तरेला सिएरा मोरेना डोंगर, दक्षिणेला बेटिक पर्वतरांगा, मधून पश्चिमेकडे वाहणारी ग्वादालकिविर नदी. नाव अरबी, वादी-अल-कबीर, म्हणजे मोठी नदी. लांबी ६५७ किलोमीटर. मी शेजारी दुसरा नकाशा ठेवला. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळा, मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. लांबी ७२४ किलोमीटर. त्यांची नदी अटलांटिकला मिळते, आपली अरबी समुद्राला. पाऊस तिथे वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडे सातशेच्या. मी चष्मा काढून पुसला. तेहतीस वर्षे दोन्ही नकाशे मी फळ्यावर काढले होते, पण कधी शेजारी शेजारी काढले नव्हते.

"आणि अब्बा, इथं कापूस आहे," ती म्हणाली. सेव्हिलच्या बाजूला, नदीच्या खोऱ्यातच. युरोपात कापूस पिकवणारे देश मुख्यतः दोनच, ग्रीस आणि स्पेन. वसंत ऋतूत, एप्रिलच्या सुमारास पेरतात, सगळा उन्हाळा कालव्याचे पाणी देतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, हिवाळी पाऊस येण्याआधी वेचून घेतात. मागच्या बाकावरच्या पोराला उत्तर मिळाले, पण किती उशिरा! तो पोरगा आज जिनिंगमध्ये मुकादम आहे. मी मुद्दाम जाऊन त्याला सांगितले. तो म्हणाला, "सर, म्हंजे परतीचा पाऊस त्याह्यलेबी झोडपतो." खरे होते. कापसाला ते लोक 'अल्गोदोन' म्हणतात. अरबीतल्या 'कुत्न'पासून झालेला शब्द. पिंजाऱ्याच्या नातीने तो शब्द तिथे ऐकला तेव्हा तिला आजोबांची धुनकी आठवली. वांगे आपल्याकडून इराण, अरबस्तान करत तिथे पोहोचले आणि 'बेरेनखेना' झाले. वांगे भाजून खायची रीत भूमध्याच्या काठाने सगळीकडे आहे. तिने ऑलिव्ह तेलाची बाटली पाठवली, तेव्हा तिच्या अम्मीने त्यात भरीत करून पाहिले आणि निकाल दिला, "शेंगदाण्याच्या तेलाची सर नाही." २०१६ मध्ये जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. निकाल देण्याचा अधिकार आमच्याच घरचा!

फोनवर आमचा एक खेळ सुरू झाला. तापमान सांगायचे. मेच्या पहिल्या आठवड्यात मी म्हणायचो, "चव्वेचाळीस. रस्त्यावर कुत्रं नाही." ती म्हणायची, "इथं घराघरांच्या अंगणात फुलांचा उत्सव आहे." मग जुलै यायचा. कांगला गढूळ पाणी आलेले असायचे, मी पागोळ्यांचा आवाज तिला ऐकवायचो. ती म्हणायची, "अब्बा, यहाँ तैंतालीस है. वही अपनी लू." तिथेही दुपारी खिडक्या बंद करतात, जाड भिंतींना चुना लावतात, अंगणात पाणी शिंपडतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिच्या कॉर्डोबा प्रांतात पारा ४७ च्या वर गेला होता. २०२२ च्या जुलैत सेव्हिल शहराने उष्णतेच्या लाटेला वादळासारखे नाव दिले, 'झोए'. आमच्या लाटांना नावे नाहीत, त्या फक्त येतात. नंतर तिथे दुष्काळ पडला. एकट्या खाएन प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून जास्त झाडे आहेत, पण २०२२-२३ च्या हंगामात देशाचे तेल आधीच्या वर्षाच्या निम्म्यापेक्षाही कमी निघाले. २०२४ च्या ऑक्टोबरात व्हॅलेन्सियाकडे एका दिवसाच्या पावसाने दोनशेहून जास्त माणसे नेली. मला २०२१ च्या ऑगस्टअखेरचा चाळीसगावचा पूर आठवला. उधारीवर जगणारे झाड असो की कंजूष झाड असो, दोघांचाही हिशेब आता चुकू लागला आहे.

एकदा तिने मोबाईलवर फोटो पाठवला. डोंगराच्या कड्यावर गिधाडे. एक-दोन नव्हे, पंधरा-वीस. मी बराच वेळ पाहत राहिलो. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेली ढोरे टाकायच्या जागी गिधाडांची पंगत बसलेली असायची. नव्वदच्या दशकात ती नाहीशी झाली. ढोरांना टोचायचे डायक्लोफेनॅक हे औषध त्यांच्या मूत्रपिंडांना मारक ठरले. आपल्याकडे २००६ मध्ये त्याचा जनावरांसाठीचा वापर बंद झाला, तोवर उशीर झाला होता. युरोपातली बहुतेक गिधाडे स्पेनमध्ये आहेत आणि त्याच स्पेनने २०१३ मध्ये हेच औषध जनावरांसाठी मंजूर केले! मी मुलीला म्हटले, "तिथल्या लोकांना सांग, जामनेरला येऊन रिकामे आकाश पाहून जा."

पण त्यांच्याकडून शिकण्यासारखेही आहे. सिएरा मोरेनात लिंक्स नावाचे कानावर झुपके असलेले रानमांजर आहे. २००२ च्या सुमारास ते शंभराच्याही आत आले होते. त्यांनी ससे वाढवले, रस्त्यांखालून वाटा काढल्या, पिल्ले वाढवून रानात सोडली. आज स्पेन आणि पोर्तुगालमध्ये मिळून ते दोन हजारांच्या वर आहेत. आमच्याकडेही वाघ पूर्ण गेलेला नाही. मुक्ताईनगरकडे वढोदा-डोलारखेड्याच्या रानातले वाघ शेजारच्या केळीच्या बागांत दुपार काढतात. केळीत गारवा असतो आणि रानडुकरे असतात. २०२१ मध्ये विदर्भातल्या टिपेश्वरहून एक वाघ शेकडो किलोमीटर चालत अजिंठ्याच्या रांगेतल्या गौताळ्यापर्यंत आला. तो जिथून आला तिथे त्याला कुणी 'तुझ्याकडचं' कोणते, असे विचारले नसेल.

मुलीने व्हॅलेन्सियाचे एक पाणी-न्यायालय पाहिले. दर गुरुवारी दुपारी मोठ्या चर्चच्या दारात शेतकऱ्यांनी निवडलेले पंच बसतात आणि कालव्याच्या पाण्याचे तंटे तोंडीच सोडवतात. त्या जागी पूर्वी मशीद होती आणि कालव्यांचे शब्द अजून अरबी आहेत. तिने विचारले, "अब्बा, आपल्याकडे असं काही होतं का?" मी तिला धुळ्याकडच्या पांझरेवरची फड पद्धत सांगितली. गावाने बंधारा बांधायचा, पाट काढायचा, शेताचे फड पाडून एका फडात एकच पीक घ्यायचे, पाटकऱ्याने पाणी वाटायचे. जातपात न बघता. आणि बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा सांगितला. १६१५ मध्ये एका इराणी जाणकाराने सातपुड्यात मुरलेले पाणी जमिनीखालून शहरात आणले. फारुकी सुलतानांचे बुऱ्हाणपूर, आपल्या खानदेशाची जुनी राजधानी. ती गप्प झाली. मग म्हणाली, "हे मला शाळेत का नाही शिकवलं?" तिच्या शाळेत भूगोल मीच शिकवत होतो.

२०२३ च्या मे महिन्यात आमची अम्मी, मुलीची दादी, गेली. नव्वदीच्या घरात होती. पारा पंचेचाळीसवर होता. पुन्हा बोरीचा पाला आणायची वेळ आली. मी पुतण्याला सांगितले, "कांगच्या काठी जुनी बोर आहे." तो तासाभराने परत आला. बोर नव्हती. काठाचा रस्ता रुंद झाला होता, बाभळीही गेल्या होत्या. नदीत प्लास्टिक आणि गटाराचे पाणी. पोरे मोटारसायकलवर शेताशेतांत फिरली. बांध कोरून कोरून लोकांनी बोरीला जागा ठेवलेली नाही. शेवटी पाच-सहा किलोमीटरवरच्या एका पाटील शेतकऱ्याने बांधावरची फांदी तोडून दिली. वर म्हणाला, "आजी आमच्या घरी गाद्या भरायला येत होत्या." त्याच्या पाल्याने अम्मीचे गुसल झाले.

रात्री मुलीचा फोन आला. ती येऊ शकली नव्हती. आधी रडली. मग मी तिला पाल्याची हकीगत सांगितली. ती म्हणाली, "अब्बा, इथं गरनात्यात रस्त्यावर एक झाड पाहिलं. पान तसंच, तुकतुकीत, तीन शिरांचं. फळ जरा मोठं, तांबूस. इथले लोक 'असुफाइफो' म्हणतात, तेही अरबीतूनच. आपल्या बोरीचीच बहीण आहे." गरनात्याचे नाव ऐकून मी लहानपणीसारखा उसासा टाकला नाही. मनात आले, सातशे वर्षांचे राज्य गेल्याचा शोक आम्ही पिढ्यान्‌पिढ्या केला आणि दहा मिनिटांच्या वाटेवरची बोर गेल्याचे कुणालाही कळले नाही. मलाही नाही, आणि मी भूगोलाचा मास्तर!

त्या पावसाळ्यात कब्रस्तानच्या कुंपणालगत आम्ही बोरीच्या अकरा बिया लावल्या. माझे जुने विद्यार्थी आले होते, त्यांत तो जिनिंगचा मुकादमही होता. बिया त्या पाटलाच्याच बांधावरच्या. सात रोपे जगली. दोन बकऱ्यांनी खाल्ली, पाच उरली. पीजे गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती नॅरोगेजवर परत धावली नाही, त्यामुळे मुलांना खिडकीतून भूगोल दाखवायची सोय उरली नाही. म्हणून मी मोहल्ल्यातल्या पोरांना रविवारी या रोपांपर्यंत चालत नेतो. त्यांच्यातला एक परवा विचारत होता, "सर, याला काटे का असतात?"

मी म्हटले, "बकऱ्यांसाठी. जन्नतमध्ये बकऱ्या नसतील, म्हणून तिथं काटे नाहीत."

पोरे हसली. मग त्याने रोपाभोवतीचे काटेरी कुंपण सरळ केले आणि बाटलीतले उरलेले पाणी आळ्यात ओतले.